यंत्रांचा चित्रकार : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

उत्तरेकडील एखाद्या आडगावी विहिरीवर पंप चालू असावा, कुतूहलाने जवळ जाऊन पाहावे, तो त्यावर 'किर्लोस्कर' हे नाव आढळावे, हा अनुभव महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. परमुलखात ते नाव वाचताना आप्त भेटल्याचा आनंद होतो. परंतु ज्यांनी हे नाव उद्योगक्षेत्रात रुजविले, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांना प्रथम चित्रकार व्हावयाचे होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात असते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. पण मुलाचे मन रमे ते चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांना हा मार्ग रुचला नाही. अखेर थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे हात उत्तम चालला आणि मग ध्यानात आले की, डोळ्यांना काही रंगांतील भेद ओळखताच येत नाही. चरित्रलेखक हा प्रसंग सहसा एका वाक्यात उरकतात. पुढचे कारखाने त्यांना खुणावत असतात. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. अठरा वर्षांचे वय, वडिलांचा विरोध पत्करून धरलेली वाट, भावाने खर्चिलेला पैसा, आणि दोष असा की ज्यावर औषध नाही. लक्ष्मणरावांनी रंगपेटी मिटली, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. ज्या रेखनाला रंगांची गरज नाही ते, म्हणजे यंत्रांच्या आराखड्यांचे शिक्षण त्यांनी घेतले. त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

नोकरी करीत असतानाच १८८८ साली बंधूंच्या साह्याने बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवावयाच्या, रामूअण्णांनी त्या विकावयाच्या आणि पंधरा रुपये घेऊन गिऱ्हाइकाला चालविण्यासही शिकवावयाचे! पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. सरकारी नोकरीत उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला या धाडसाचे मोल अंमळ अधिकच कळते.

बेळगावी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि मागाहून लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, ही शेतकऱ्यांची समजूत! नांगर पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली.

जरा स्थिरावतात तोच नगरपालिकेने उपनगर वसविण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधास यमाईच्या मंदिराचा सभामंडप उभारीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व कलेचे मोठे चाहते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. कारखानदाराला आधार दिला तो एका चित्रकाराने, हा योग मोठा विलक्षण खरा.

१९१० च्या मार्च महिन्यात निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर बिऱ्हाडे उतरली. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी बरोबर होते. कारखाना आणि वसाहत यांची आखणी हातात हात घालून झाली. रस्ते, घरे, बागा उठल्या. माळावर गुलाब फुलले. ज्याला रंगांनी चकविले त्याने ओसाड माळाला असे रंगविले. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळली जात नसे, आणि शिक्षा भोगून आलेल्यांनाही तेथे काम मिळे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले.

लक्ष्मणराव एकत्र कुटुंबाचे कर्ते पुरुष होते. पत्नी राधाबाई, बंधू, पुतणे या सर्वांचा संसार आणि कारखाना यांत भिंत नव्हती. पुतणे शंकरराव यांच्या हातात चित्रकला होती; १९२० साली त्यांनीच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव यांना १९२२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्र शिकण्यास धाडले. मुलाला हव्या त्या शिक्षणासाठी वाद घालावा लागला नाही, हे काशिनाथपंतांच्या मुलाकडून अपेक्षितच होते. पुढे मुलांच्या पिढीने हरिहर, बंगलोर व पुणे येथे नवे कारखाने काढले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. बेळगावात सायकलींचे दुकान होते तो रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.