मेंदूचे राखणदार

पनवेलच्या खाडीलगत उलवे हे गाव आहे. आज तेथे नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या आहेत. परंतु एके काळी त्या परिसरात खाडीचे खारे पाणी अडवून भाताची शेती केली जात असे. मातीचा बांध हाच त्या शेतीचा प्राण. बांधाला खांड पडली, तर भरतीचे पाणी शेतात शिरून वर्षभराचे पीक बुडत असे. म्हणून शेतकरी बांधावर डोळ्यांत तेल घालून पहारा करीत आणि खांड दिसताच ती चिखलमातीने बुजवीत. मनुष्याच्या मेंदूतही असेच अहोरात्र जागणारे राखणदार असतात. ते इतके सूक्ष्म की, डोळ्यांस दिसत नाहीत. आणि इतर पेशींत असे मिसळलेले की, सूक्ष्मदर्शकाखालीही फार दिवस कोणास ओळखू आले नाहीत. त्यांची ओळख जगाला करून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे स्पेन देशाचे डॉ. पिओ देल रिओ-ओर्तेगा हे होत.

ओर्तेगा यांचा जन्म ५ मे १८८२ रोजी वायादोलिद प्रांतातील पोर्तियो या लहानशा गावी झाला. वायादोलिद येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास करून १९०५ साली त्यांनी पदवी संपादन केली आणि काही काळ आपल्याच गावात वैद्यकीचा व्यवसाय केला. पण त्यांचे मन त्यात रमले नाही. रोग्याच्या नाडीपेक्षा शरीरातील पेशींची रचना त्यांना अधिक खुणावत होती. ते माद्रिदला गेले. पुढे पॅरिस व बर्लिन येथेही त्यांनी शिक्षण घेतले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते मायदेशी परतले.

त्या काळी माद्रिद ही मज्जासंस्थेच्या अभ्यासाची जणू काशीच होती. १९०६ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी सांतियागो रामोन इ काहाल तेथे कार्य करीत होते. मज्जापेशी हे मेंदूचे स्वतंत्र घटक आहेत, हे त्यांनी दाखवून दिले होते. काहाल यांच्याच इमारतीत निकोलास आचूकारो या तरुण विद्वानाची प्रयोगशाळा होती. ओर्तेगा तेथे दाखल झाले. आचूकारो हे प्रेमळ व उदार गुरू होते. परंतु १९१८ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि प्रयोगशाळेची धुरा ओर्तेगा यांच्या खांद्यावर आली.

मेंदूत मज्जापेशींबरोबर त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्याही पेशी असतात. त्यांना ग्लिया म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सरस किंवा डिंक असा आहे. त्यांपैकी ताऱ्यासारख्या पेशी काहाल यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवून स्पष्ट केल्या होत्या. मात्र त्यांच्या जोडीला काही पेशी अशा दिसत की, त्यांना शाखाच नाहीत असे वाटे. काहाल यांनी त्यांना मज्जासंस्थेचा तिसरा घटक असे नाव दिले होते.

या पेशींना खरोखरच शाखा नाहीत, की आपल्या रंगालाच त्या दाखविता येत नाहीत? ओर्तेगा यांच्या मनाला या शंकेने घेरले. मेंदूचे पातळ काप करावेत, ते चांदीच्या कार्बोनेटच्या द्रावणात ठेवावेत, हलकी उष्णता द्यावी आणि काय दिसते ते पाहावे. पुन्हा द्रावणात थोडा फरक करावा आणि पुन्हा पाहावे, असा त्यांचा क्रम चालू झाला. अखेर त्यांच्या चिकाटीला यश आले. बिनशाखांच्या वाटणाऱ्या पेशींच्या नाजूक, वेड्यावाकड्या फांद्या काळ्याभोर रेषांनी उमटल्या. तिसरा घटक म्हणून ज्यांची एकत्र गणना होत असे, त्या पेशी एका जातीच्या नसून दोन जातींच्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. १९१९ साली त्यांनी पहिल्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला मायक्रोग्लिया हे नाव दिले. दुसऱ्या जातीचे, म्हणजे ऑलिगोडेंड्रोग्लियाचे, वर्णन त्यांनी १९२१ साली केले.

केवळ चित्र काढून ते थांबले नाहीत. या पेशी गर्भावस्थेत बाहेरून मेंदूत येतात, निरोगी मेंदूत शाखा पसरून राहतात आणि इजा होताच शाखा आखडून वाटोळ्या बनतात, सरकतात, संख्येने वाढतात व मृत पेशींचे अवशेष गिळून जागा स्वच्छ करतात, असे त्यांनी प्रतिपादन केले.

एवढ्या मोठ्या शोधाचे स्वागत मात्र सरळपणे झाले नाही. काहाल यांनी १९२० साली या शोधाचे पहिले श्रेय रॉबर्टसन नावाच्या स्कॉटिश संशोधकाकडे जाते, असे मत मांडले. प्रयोगशाळेतील कुरबुरी व चहाड्या यांनी त्या वादात तेल ओतले आणि त्याच वर्षी ओर्तेगा यांना काहाल यांची वास्तू सोडावी लागली. ज्यांना गुरुस्थानी मानावे, त्यांनीच दार बंद करावे, यासारखे दुःख दुसरे कोणते? पण ओर्तेगा खचले नाहीत. माद्रिदमधील विद्यार्थी-निवासाच्या एका साध्या प्रयोगशाळेत त्यांनी आपला सूक्ष्मदर्शक मांडला आणि काम पुढे चालू ठेवले. १९२४ साली वाइल्डर पेनफील्ड हे तरुण शल्यविशारद सागर ओलांडून त्यांच्याकडे शिकावयास आले. रॉबर्टसन यांनी पाहिलेल्या पेशी मायक्रोग्लिया नव्हत्या, त्या दुसऱ्याच जातीच्या होत्या, हे पेनफील्ड यांनी पुढे स्पष्ट केले. कालांतराने काहाल व ओर्तेगा यांच्यातील कटुताही निवळली.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्धाचा वणवा पेटला. त्या वेळी ओर्तेगा माद्रिदच्या कर्करोग संस्थेचे प्रमुख होते. कामाची जागा युद्धाच्या तोंडी सापडली आणि त्यांना देश सोडावा लागला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि अखेर १९४० साली अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस, असा त्यांचा प्रवास झाला. जेथे जात तेथे ते पुन्हा प्रयोगशाळा उभारीत आणि विद्यार्थी घडवीत. १ जून १९४५ रोजी परक्या भूमीवर कर्करोगाने त्यांचा अंत झाला. पुढे १९८६ साली त्यांच्या अस्थी वायादोलिद येथे परत आणण्यात आल्या.

ओर्तेगा गेले, पण त्यांनी आरंभिलेले काम थांबले नाही. चांदीची रीत फार नाजूक होती. प्रत्येकाच्या हाती ती साधत नसे. पुढील पिढ्यांनी निराळा मार्ग काढला. पट्टेवाल्याची ओळख जशी त्याच्या बिल्ल्यावरून पटते, तशी पेशीची ओळख तिच्यातील विशिष्ट प्रथिनांवरून पटते. त्या प्रथिनालाच नेमके जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात आणि त्यांना चमकणारा रंग जोडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली हवी ती पेशी उजळून दिसते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ साली मायक्रोग्लियातील आयबा-१ या प्रथिनाचा असा उपयोग दाखविला. पण ही खूण रक्तातून मेंदूत शिरणाऱ्या भक्षक पेशींतही आढळते. त्यामुळे घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हे तिच्यावरून कळत नाही. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी टीएमईएम-११९ हे प्रथिन पुढे आणले. ती खूण घरच्या राखणदारांची खरी. परंतु रोगाच्या वेळी ती फिकी पडू शकते. म्हणून जाणते संशोधक एका खुणेवर विसंबत नाहीत. दोनतीन खुणा, पेशीचा आकार आणि तिचे स्थान, हे सर्व ताडून पाहतात.

ओर्तेगा यांचे बरेचसे म्हणणे काळाच्या कसोटीस उतरले. जिवंत उंदरांच्या मेंदूत मायक्रोग्लिया आपल्या शाखा सतत हालवून भोवतालची पाहणी करतात आणि इजेच्या जागी त्या धाडतात, हे २००५ साली प्रत्यक्ष दिसले. या पेशींचे मूळ मेंदूबाहेर, गर्भाच्या पीतककोशात असते, हेही २०१० साली उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले.

उलव्यापासून फार दूर नसलेल्या खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. रक्ताच्या कर्करोगाचे निदान करताना तेथेही पेशींवरील प्रथिनांच्या खुणा तपासल्या जातात. पेशी वेगळ्या आणि रोग वेगळा. पण रीत तीच. नीट ओळखल्यावाचून उपाय नाही. बांधाची खांड वेळीच दिसावयास जशी जागती नजर लागते, तशीच ज्ञानाच्या क्षेत्रातही लागते. जे दिसत नाही ते नाहीच, असे न म्हणता आपली पाहण्याची रीत सुधारणे, हीच ओर्तेगा यांच्या जीवनाची शिकवण होय.