विश्लेषण : पानशेतनंतर पुणे उभे करणारे स. गो. बर्वे कोण होते?

विश्रांतवाडीहून बसने मनपाला उतरलात, तर शिवाजीनगरचा स. गो. बर्वे चौक तिथून जवळच आहे. बरेच जण त्याला मॉडर्न कॅफे चौक म्हणूनच ओळखतात. पाटीवरचे हे नाव पुण्याच्या सर्वात मोठ्या पुनर्वसनाशी जोडलेले आहे.

सुरुवात कशी झाली?
सदाशिव गोविंद बर्वे यांचा जन्म 1914 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगावचा. फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुढे केंब्रिजमध्ये शिकून ते आयसीएस झाले. 1950 मध्ये पुणे महापालिका स्थापन झाली, तेव्हा पहिले आयुक्त तेच होते. पुढे मुंबईच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या गटाचे ते अध्यक्ष झाले. ठाणे खाडीवर पूल बांधून शहर पलीकडे न्यावे, अशी शिफारस या गटाने 1959 मध्ये केली.

12 जुलै 1961 रोजी काय घडले?
आंबी नदीवरचे पानशेत धरण अजून बांधून पूर्ण व्हायचे होते. त्या दिवशी सकाळी ते फुटले. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासला धरणही फोडले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबांचे घर, दुकान, कागदपत्रे, सगळेच वाहून गेले.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुनर्वसनाची सूत्रे बर्वे यांच्याकडे सोपवली. शहराची गल्लीन् गल्ली माहीत असलेला अधिकारी हवा होता.

पुनर्वसन कसे झाले?
आधी तात्पुरता निवारा देण्यात आला. त्यासाठी पत्र्याच्या अर्धगोल छपराच्या खोल्या, म्हणजे निसेन हट उभारल्या गेल्या. त्यानंतर कायमच्या वसाहतींचे काम सुरू झाले. आजच्या गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या भागांच्या जडणघडणीत पूरग्रस्तांचा मोठा वाटा आहे. अनेकांनी सहकारी गृहरचना संस्था काढल्या आणि सरकारने त्यांना भाडेपट्ट्याने जमीन दिली.

बर्वे यांचे पुढे काय झाले?
त्यांनी आयसीएस सोडली. 1962 मध्ये शिवाजीनगरमधून काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून आले आणि राज्याचे अर्थमंत्री झाले. नंतर ते नियोजन आयोगाचे सदस्यही होते. 1967 मध्ये ईशान्य मुंबईत त्यांनी माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचा पराभव केला. मात्र काही दिवसांतच, 6 मार्च 1967 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे 52.

मग काम संपले का?
नाही. घरे उभी राहिली, पण पायाखालची जमीन रहिवाशांच्या नावावर नव्हती. 103 पूरग्रस्त संस्थांना मालकी हक्काने जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो 2019 मध्ये, म्हणजे पुरानंतर 58 वर्षांनी. तोवर मूळ सभासदांपैकी अनेक जण हयात नव्हते.

जगभरचा अनुभवही असाच आहे. 2011 च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर फुताबा गावाच्या काही भागात लोकांना पुन्हा राहण्याची मुभा मिळायला 2022 उजाडले. तिथे अडसर किरणोत्साराचा होता, पुण्यात कागदाचा.

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, तेव्हा नदीकाठच्या वस्त्या सावध होतात. घर सोडावे लागले, तर परत मिळणारे घर कोणाच्या नावावर असेल, हा प्रश्न पुनर्वसनाच्या पहिल्या दिवशीच विचारायला हवा, हे पानशेतने शिकवले आहे.