मार्क ट्वेन : एक विनोदकार, दोन शिष्टाचार

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• मार्क ट्वेन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• अतिशयोक्ती आणि न्यूनोक्ती यांवर आधारलेल्या विनोदांतील भेद स्पष्ट करता येईल.
• विनोद आणि शिष्टाचार यांचा परस्परसंबंध एका लेखकाच्या चरित्राच्या आधारे विशद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, घरी हमखास हशा मिळवणारा एखादा किस्सा आपण परक्या बैठकीत सांगतो आणि समोरचे चेहरे तसेच राहतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. शब्द तेच, सांगणाराही तोच. मग बिघडले कोठे? भाषा समान असूनही विनोद का पोहोचत नाही, हा भाषाभ्यासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. इंग्लंड आणि अमेरिका या देशांची भाषा एक. पण हसण्याच्या आणि वागण्याच्या रीती भिन्न. या भिन्नतेचा अनुभव ज्यांनी आयुष्यभर घेतला, अशा एका लेखकाचे चरित्र आपण या घटकात अभ्यासणार आहोत. वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा : विनोद फसतो तेव्हा तो शब्दांत फसतो, की सांगणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यात?

५.२ जडणघडण

मार्क ट्वेन हे टोपणनाव होय. लेखकाचे मूळ नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, फ्लोरिडा नावाच्या लहानशा खेड्यात झाला. बालपण मिसिसिपी नदीच्या काठावरील हॅनिबल या गावी गेले. मिसुरी हे गुलामगिरी मान्य असलेले राज्य होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे. १८४७ मध्ये वडील वारले. मुलाचे शालेय शिक्षण लवकरच संपले आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता त्याचे वाचन झाले.

१८५९ मध्ये त्यांना नदीवरील आगबोटीचा वाटाड्या म्हणून परवाना मिळाला. पाण्याची खोली मोजणारा खलाशी दोन वाव पाणी असल्याची हाळी देई. बोट सुखरूप जाईल एवढे पाणी आहे, असा त्या हाळीचा अर्थ. तेच शब्द त्यांनी १८६३ मध्ये नेव्हाडातील एका वृत्तपत्रात लिहिताना टोपणनाव म्हणून घेतले. मधल्या काळात, १८६१ मध्ये, यादवी युद्ध सुरू होऊन नदीवरील वाहतूक थांबली होती आणि क्लेमेन्स पश्चिमेकडील खाणींच्या मुलखात गेले होते.

त्यांच्या विनोदाची खरी शाळा हीच. खाणकामगारांच्या वस्तीत संध्याकाळी शेकोटीभोवती गोष्टी रंगत. आपण जिला लोणकढी थाप म्हणतो, ती तेथे कलेच्या पदवीला पोहोचली होती. तिचा नियम असा, की थाप कितीही मोठी असली तरी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. नवखा ऐकणारा ती खरी मानून बसला, तर जाणत्यांना दुप्पट आनंद. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध झालेली त्यांची उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट याच परंपरेतील होती. तिच्यातील म्हातारा निवेदक पैजेच्या बेडकाची हकीकत एखादी गंभीर ऐतिहासिक घटना सांगावी तशी सांगतो. या गोष्टीने ट्वेन यांचे नाव देशभर झाले.

५.३ खोटे परीक्षण

१८६७ मध्ये ते एका पर्यटक जहाजाने युरोप आणि पॅलेस्टाईनच्या प्रवासास गेले. त्या प्रवासावरील ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक १८६९ मध्ये निघाले. युरोपातील चित्रे, चर्च आणि अवशेष यांपुढे अमेरिकनांनी भक्तिभावाने मान लववावी, असा त्या काळचा संकेत होता. ट्वेन यांनी तो मोडला आणि भोळेपणाचे सोंग घेऊन युरोपची आणि आपल्या सहप्रवाशांचीही थट्टा केली.

या पुस्तकाबाबत घडलेला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या प्रतिष्ठित साप्ताहिकात पुस्तकाचे परीक्षण आले असून तेथे ते अगदी गंभीरपणे घेतले गेले आहे, असे ट्वेन यांच्या कानावर आले. त्यांनी डिसेंबर १८७० मध्ये एका अमेरिकन मासिकात त्या परीक्षणाचा म्हणून एक मजकूर छापला. त्यातील विद्वान परीक्षक पुस्तकातील प्रत्येक अतिशयोक्ती अक्षरशः खरी धरतो. पॅरिसच्या न्हाव्याने वस्तरा लावताच लेखक खुर्चीतून उचलला गेला, या विधानाबद्दल तो लेखकाला खोटारडा ठरवतो. वस्तुतः हा सगळा मजकूर ट्वेन यांनीच लिहिला होता.

परिणाम अनपेक्षित झाला. इंग्रजाला विनोद कळत नाही, असे दाखवण्यासाठी रचलेली ही थाप अनेक अमेरिकन वाचकांनीच खरी मानली. पुढच्या महिन्यात ट्वेन यांना खुलासा करावा लागला. विनोद न कळणे ही कोणत्याही एका राष्ट्राची मक्तेदारी नाही, हे या प्रसंगाने सिद्ध होते. निर्विकार चेहऱ्याचा विनोद ऐकणाऱ्याकडून एका पूर्वकराराची अपेक्षा करतो. तो करार ज्याला ठाऊक नाही तो, मग कोणत्याही देशाचा असो, फसतो.

५.४ दोन मेजवान्या

१८७२ मध्ये ट्वेन प्रथमच इंग्लंडला गेले. इंग्रजांच्या रीतिभातींवर उपरोधिक पुस्तक लिहावे, असा हेतू होता. परंतु तेथील पाहुणचाराने ते इतके भारावले, की पुस्तकाचा बेत बारगळला. लंडनमधील एका औपचारिक मेजवानीत त्यांचे नाव पुकारले जाताच टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण येथे इतके परिचित आहोत, याची त्यांना कल्पनाच नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी लंडनमध्ये व्याख्याने दिली आणि सभागृहे भरली. संथ, खेचलेल्या स्वरात, जणू काही गंभीरच बोलत आहोत अशा मुद्रेने ते बोलत आणि श्रोते हसत.

आता दुसरी मेजवानी पाहू. १७ डिसेंबर १८७७ रोजी बॉस्टन येथे व्हिटियर या कवीच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त भोजनसमारंभ होता. एमर्सन, लाँगफेलो आणि होम्स हे अमेरिकन साहित्यातील वडीलधारे समोर बसले होते. ट्वेन यांनी भाषणात एक काल्पनिक किस्सा सांगितला. कॅलिफोर्नियातील एका खाणकामगाराच्या झोपडीत तीन भटके शिरतात, स्वतःला एमर्सन, लाँगफेलो आणि होम्स म्हणवतात, त्याची दारू पितात, पत्त्यांत लबाडी करतात आणि जाताना त्याचे बूटही पळवतात.

सभागृहात नेमके काय घडले, याबाबत मतभेद आहेत. त्या वेळच्या काही बातम्यांत हशा पिकल्याची नोंद आहे. ट्वेन आणि त्यांचे मित्र हॉवेल्स यांच्या आठवणीत मात्र भयाण शांतता आहे. नंतरच्या दिवसांत अनेक वृत्तपत्रांनी या भाषणावर असभ्यतेचा ठपका ठेवला. ट्वेन यांनी तिघांनाही क्षमायाचनेची पत्रे पाठवली. उत्तरे सौजन्याची आली. तरीही हा सल त्यांना अनेक वर्षे टोचत राहिला. उतारवयात ते भाषण पुन्हा वाचल्यावर मात्र त्यांना ते चांगले वाटले.

या दोन प्रसंगांची तुलना करा. लंडनमध्ये ते पाहुणे होते. परक्या पाहुण्याच्या वेगळेपणाला यजमान सवलत देतात, किंबहुना त्याच्या रांगडेपणाचीच त्यांना हौस असते. बॉस्टनमध्ये ते घरचे होते आणि घरच्याने वडीलधाऱ्यांपुढे कसे वागावे, याचे नियम कडक असतात. इंग्रजी शिष्टाचाराचा आदर्श त्या दिवशी लंडनपेक्षा बॉस्टननेच अधिक काटेकोरपणे पाळला. म्हणून ब्रिटिश आणि अमेरिकन विनोद यांच्यामधली सीमारेषा केवळ अटलांटिक महासागरात शोधू नका. ती अमेरिकेच्या आतूनही जाते.

५.५ कथनाच्या दोन पद्धती

१८९५ मध्ये ट्वेन यांनी गोष्ट सांगण्याच्या कलेवर एक निबंध लिहिला. त्यांच्या मते अमेरिकन विनोदी कथा सांगण्याच्या ढंगावर अवलंबून असते, तर इंग्रजी गमतीची गोष्ट तिच्यातील मजकुरावर. अमेरिकन कथक रेंगाळतो, भरकटतो, आपल्या बोलण्यात हसण्यासारखे काही आहे याची आपल्याला जाणीवच नाही असे भासवतो, आणि योग्य जागी विराम घेतो. गमतीची गोष्ट सांगणारा मात्र आधीच हसू लागतो आणि शेवटचे वाक्य ओरडून सांगतो.

हे वर्गीकरण आकर्षक असले तरी ते जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. निर्विकार चेहरा इंग्रजांनाही अपरिचित नव्हता. फरक आहे तो त्या चेहऱ्याआड काय केले जाते यात. अमेरिकन कथक गंभीर मुद्रेने लहान गोष्ट डोंगराएवढी करतो, ही अतिशयोक्ती. इंग्रज गृहस्थ त्याच गंभीर मुद्रेने डोंगराएवढी आपत्ती राईएवढी करून सांगतो, ही न्यूनोक्ती. छप्पर उडून गेले असता घरात थोडा वारा येऊ लागल्याचे सांगणे, हे तिचे उदाहरण होईल.

दोहोंमागे भिन्न शिष्टाचार आहेत. ज्या समाजात परस्परांचा दर्जा सर्वांना ठाऊक असतो, तेथे भावना झाकणे हे कुलीनतेचे लक्षण मानले जाते आणि अर्ध्या शब्दावर काम भागते. ज्या वस्तीत सगळेच नवे आलेले असतात, तेथे कोणाचेही लक्ष वेधायचे तर मोठ्याने आणि मोठे बोलावे लागते. विनोद हा अशा रीतीने शिष्टाचाराचाच एक भाग ठरतो. १८८९ मध्ये ट्वेन यांनी आर्थर राजाच्या दरबारात अवतरलेल्या एका अमेरिकनावर कादंबरी लिहिली आणि राजेशाही व सरदारशाही यांवर प्रहार केले. इंग्लंडमधील अनेक परीक्षणे या वेळी प्रतिकूल आली. पाहुण्याला मिळालेली सवलत यजमानाच्या देवघरापाशी संपते, हे येथे दिसते.

५.६ मुंबईतील एक सकाळ

१८९४ मध्ये ट्वेन यांची प्रकाशनसंस्था बुडाली. अक्षरजुळणीच्या एका यंत्रातही त्यांचा बराच पैसा गेला होता. कर्ज फेडण्यासाठी त्यांनी साठाव्या वर्षी जगभर व्याख्यानांचा दौरा काढला. १८९६च्या जानेवारीत ते मुंबईला आले आणि वॉटसन हॉटेलमध्ये उतरले. मुंबईचे रंग, गर्दी आणि कावळे यांनी ते मोहून गेले.

याच हॉटेलात त्यांनी पाहिले, की एका जर्मन गृहस्थाने कामात काहीतरी चुकले म्हणून एका हिंदी नोकराच्या तोंडात मारली. चूक काय झाली, हे त्याला मारल्यानंतरच सांगितले. नोकराने ती मुकाट्याने सोसली. ट्वेन यांना तत्क्षणी पन्नास वर्षांपूर्वीचे मिसुरी आठवले; तेथे गुलामांना असेच वागवले जाई, आणि त्यांचे वडील, जे एरवी सौम्य होते, तेही घरच्या गुलाम मुलाला क्वचित असेच मारीत. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७ मधील प्रवासग्रंथात त्यांनी हे नोंदवले आहे.

विनोदकाराने येथे विनोद केला नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. भोजनाच्या टेबलावर काटा कोणत्या हातात धरावा, याची चिकित्सा करणारा समाज नोकराशी कसा वागतो, यावरच त्याच्या सभ्यतेची परीक्षा होते. ट्वेन यांनी परक्याचा दोष पाहिला आणि त्याच क्षणी स्वतःच्या घराकडे बोट वळवले.

५.७ ऑक्सफर्डचा झगा

दौऱ्याच्या शेवटी इंग्लंडमध्ये असतानाच त्यांना थोरली कन्या सूझी अमेरिकेत वारल्याची बातमी मिळाली. या दुःखातही त्यांनी लेखन चालू ठेवले आणि १८९८ पर्यंत सर्व कर्ज फेडले. पत्नी ऑलिव्हिया १९०४ मध्ये निवर्तल्या.

२६ जून १९०७ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. कुलपती होते भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. त्याच समारंभात मुंबईत जन्मलेले किपलिंग यांचाही गौरव झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठाने ट्वेन यांना आधीच पदवी दिली होती. तरीही शाळा अर्धवट सोडलेल्या या लेखकाला ऑक्सफर्डचे विशेष अप्रूप वाटले. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्यांना आपल्या खास भोजनास बोलावले. बंदरावर उतरताना गोदी कामगारांनी त्यांचा जयजयकार केला होता; विद्वान आणि हमाल दोघांनीही त्यांना आपले मानले.

याच मुक्कामात ते एकदा अंगात स्नानाचा झगा घालून हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडून क्लबात स्नानास गेले. वृत्तपत्रांनी त्याची बातमी केली. अमेरिकेतून कन्या क्लारा हिने शिष्टाचार सांभाळण्याची विनवणी करणारी तार पाठवली. इंग्रजांना गंमत वाटली, चिंता वाटली ती अमेरिकन लेकीला!

१९०९ मध्ये क्लाराच्या विवाहप्रसंगी ट्वेन ऑक्सफर्डचा लाल झगा परिधान करून उभे राहिले. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

५.८ सारांश

ब्रिटिश विनोद न्यूनोक्तीकडे आणि अमेरिकन विनोद अतिशयोक्तीकडे झुकतो, हे ढोबळ मानाने खरे आहे. परंतु ट्वेन यांचे चरित्र आपल्याला त्यापुढे नेते. एकच विनोद पाहुण्याने केला तर गोड लागतो आणि घरच्याने केला तर टोचतो. कोण कोणापुढे आणि कोणाबद्दल बोलत आहे, यावर विनोदाचे यश ठरते. म्हणून यापुढे एखादा विनोद आपल्याला कळला नाही किंवा आपला विनोद दुसऱ्याला रुचला नाही, तर समोरच्याला अरसिक ठरवण्यापूर्वी त्याच्या बैठकीचे नियम समजून घ्या.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लंडन आणि बॉस्टन येथील प्रसंगांत ट्वेन यांच्या विनोदाला मिळालेल्या प्रतिसादांतील फरक सकारण स्पष्ट करा.
२. अतिशयोक्ती आणि न्यूनोक्ती यांची प्रत्येकी दोन उदाहरणे आपल्या परिसरातील बोलण्यातून शोधा व लिहा.
३. मुंबईतील प्रसंगाचा या चरित्रातील शिष्टाचाराच्या प्रश्नाशी असलेला संबंध आपल्या शब्दांत सांगा.