एका वर्षाची परवानगी

मुलांनो, प्रयोगशाळेत तुम्ही परीक्षानळी सहज हातात घेता. कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, यांना त्यासाठी झगडावे लागले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एका वर्षापुरती, अटीवर परवानगी मिळाली. त्या वर्षात काम जमले नसते तर? विचार करा! श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिने तपासली. रामन यांचे समाधान झाले. पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

बंगलोरला बसलेला हात केंब्रिजला उपयोगी पडला. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडले. पेशींच्या श्वसनाला हे प्रथिन लागते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.