मधमाशीच्या हाती बंदूक देणारा ॲडमिरल

डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी, चेहऱ्यावर राग, एका हातात मशीनगन, दुसऱ्यात पाना आणि तिसऱ्यात हातोडा. झेप घेण्याच्या पवित्र्यातील ही मधमाशी अमेरिकी नौदलाच्या बांधकाम बटालियनांचे बोधचिन्ह आहे. दुसऱ्या महायुद्धापासून आजतागायत ती टोप्यांवर, जाकिटांवर आणि विशेषतः टी-शर्टांवर विराजमान आहे. निवृत्त सैनिक आपल्या बटालियनचा क्रमांक छापलेला शर्ट घालून वार्षिक मेळाव्यांना येतात. आजोबांनी पॅसिफिक महासागरातील कोणत्या बेटावर धावपट्टी बांधली होती, हे नातवाच्या पाठीवरील अक्षरांवरून कळते. मात्र ही मधमाशी पाहताच ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना बेन मोरेल हे नाव ठाऊक असेल, याविषयी शंका आहे. वास्तविक, ज्या दलाचे हे चिन्ह आहे ते दल मोरेल यांच्या हट्टातून जन्माला आले.

बेन मोरेल यांचा जन्म १४ सप्टेंबर १८९२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे झाला. बालपण मात्र मिसिसिपीकाठच्या सेंट लुईस शहरात गेले. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १९१३ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि काही वर्षे शहराच्या सेवेत अभियंता म्हणून काम केले. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत. पुढे त्यांच्या वाट्याला जे झगडे आले, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी येथे सापडते.

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा, १९१७ मध्ये, मोरेल नौदलाच्या स्थापत्य अभियंता शाखेत दाखल झाले. त्यांची नेमणूक अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर झाली. तेथे त्या वेळचे नौदल उपमंत्री फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्याशी त्यांची गाठ पडली. हा तरुण अभियंता रुझवेल्ट यांच्या लक्षात राहिला. सरकारी नोकरीत अशा ओळखीचे मोल मोठे असते. पण केवळ ओळखीच्या बळावर मोरेल वर आले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मधल्या वीस वर्षांत त्यांनी काँक्रीटचा ध्यास घेतला होता. काँक्रीटच्या बांधकामाचे संकल्पन कसे करावे, याची मानके त्यांनी नौदलासाठी लिहून काढली. १९३२-३३ मध्ये ते पॅरिसला जाऊन तेथील पूल आणि रस्त्यांच्या विख्यात शासकीय अभियांत्रिकी विद्यालयात शिकले. परतल्यावर वॉशिंग्टनजवळ कार्डेरॉक येथे जहाजांच्या प्रतिकृती तपासण्यासाठी जो प्रचंड जलकुंड उभारण्यात आला, त्याच्या बांधकामाच्या आखणीत त्यांचा प्रमुख वाटा होता.

१ डिसेंबर १९३७ रोजी अध्यक्ष रुझवेल्ट यांनी त्यांना ब्युरो ऑफ यार्ड्स अँड डॉक्स या नौदलाच्या गोदी आणि बांधकाम खात्याचे प्रमुख केले. मोरेल तेव्हा अवघे ४५ वर्षांचे होते आणि हुद्दा होता कमांडरचा. सेवाज्येष्ठतेने वर येणाऱ्या अनेकांना ओलांडून ते थेट रिअर ॲडमिरल झाले. प्रशांत महासागरात आज ना उद्या युद्ध पेटणार, अशी त्यांची खात्री होती. म्हणूनच पर्ल हार्बर येथे मोठ्या युद्धनौका सामावतील अशा सुक्या गोद्या बांधण्याचा आग्रह त्यांनी धरला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला चढवला, तेव्हा त्यातील एक गोदी जवळजवळ पूर्ण होत आली होती. हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी हेलेना ही जखमी क्रूझर तिच्यात दुरुस्तीसाठी घेण्यात आली. बंदरातील ८ बॅटलशिपपैकी ॲरिझोना आणि ओक्लाहोमा वगळता ६ पुन्हा सेवेत आल्या. त्यामागे या गोद्यांचा हात होता.

परंतु मोरेल यांना अस्वस्थ करणारा प्रश्न गोदीचा नव्हता, माणसांचा होता. युद्धापूर्वी पॅसिफिकमधील तळांची कामे खासगी कंत्राटदारांकडे होती. ग्वाम, मिडवे, वेक अशा दूरच्या बेटांवर सुतार, गवंडी, वेल्डर, ट्रकचालक चांगल्या मजुरीच्या आशेने गेले होते. वेक बेटावर असे अकराशेहून अधिक कामगार होते. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर काही तासांतच वेकवर बॉम्ब पडू लागले. त्यातील कित्येकांनी तोफांवर मदत केली, दारूगोळा वाहिला, खंदक खणले. २३ डिसेंबर १९४१ रोजी बेट पडले आणि हे सारे जपान्यांच्या हाती सापडले.

गणवेश नसलेला माणूस हाती शस्त्र घेऊन पकडला गेला, तर युद्धाच्या नियमांप्रमाणे त्याला युद्धकैद्याचा दर्जा मागता येत नाही. छुपा लढवय्या समजून त्याला गोळी घालता येते. लढावे तर हा धोका आणि न लढावे तर बेट जाते, अशा कात्रीत ते कामगार अडकले होते. वेकवरील बहुतेकांना चीन आणि जपानमधील छावण्यांत नेण्यात आले. ९८ जणांना मात्र कामासाठी बेटावरच ठेवण्यात आले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये त्या सर्वांना ठार करण्यात आले. जपानी बेट-प्रमुखाला युद्धानंतर त्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. बांधकाम कामगाराला सैनिकाचा दर्जा का हवा, हे सांगण्यासाठी याहून भीषण उदाहरण सापडणार नाही.

हा अखेरचा हत्याकांडाचा प्रसंग घडण्याच्या कितीतरी आधी मोरेल यांनी आपला उपाय मांडला होता. वेक पडल्यानंतर पाचच दिवसांनी, २८ डिसेंबर १९४१ रोजी, बांधकामाची कला जाणणारे आणि शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेले नौसैनिक भरती करण्याची परवानगी त्यांनी मागितली. ५ जानेवारी १९४२ रोजी ती मिळालीही. युद्धकाळात कागद इतक्या वेगाने हलले, याचे नवल वाटायला नको. खरी अडचण पुढेच होती.

या बटालियनांचे नेतृत्व कोणी करायचे? नौदलाच्या नियमांनुसार सैनिकांवर हुकूम चालवण्याचा अधिकार केवळ लढाऊ शाखेच्या अधिकाऱ्यांना होता. अभियंता, डॉक्टर, भांडारपाल हे सारे साहाय्यक शाखेत मोडत. म्हणजे पूल बांधणाऱ्या हजार माणसांवर पुलाविषयी काहीही न कळणारा अधिकारी, आणि अभियंता त्याच्या हाताखाली. हे मोरेल यांना मुळीच मान्य नव्हते. कुशल कारागीर आपल्यापेक्षा कामातील अधिक जाणणाऱ्याचेच ऐकतो, हे कामांच्या जागी वावरलेल्या या माणसाला पक्के ठाऊक होते. नौदलातील वरिष्ठांचा विरोध असतानाही त्यांनी हे प्रकरण थेट नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांच्यापर्यंत नेले. १९ मार्च १९४२ रोजी नॉक्स यांनी स्थापत्य अभियंता शाखेच्या अधिकाऱ्यांना बांधकाम दलांवरील हुकुमत बहाल केली. लढायांच्या इतिहासात या तारखेला फारसे स्थान मिळत नाही. पण ही हुकुमत मिळाली नसती तर सीबी हे केवळ गणवेशातील मजूर राहिले असते.

सीबी हे नाव त्याच महिन्यात, ५ मार्च रोजी, अधिकृत झाले होते. कन्स्ट्रक्शन बटालियन या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे सी आणि बी. उच्चार करताना त्यातून समुद्रावरची मधमाशी असा अर्थ निघतो. चित्र काढले ते ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंट येथील नौदल तळावर कारकुनी करणाऱ्या फ्रँक इयाफ्राते या तरुणाने. त्याच्या मनात आधी बीव्हर हा धरणे बांधणारा प्राणी होता, पण संकट दिसताच तो पळ काढतो असे कळल्यावर तो बेत बारगळला, असे सांगतात. मधमाशी कष्टाळू असते आणि छेडले तर डंखही मारते. दलाच्या लॅटिन बोधवाक्यातही बांधणे आणि लढणे ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत.

भरतीला आलेली माणसे नेहमीच्या सैनिकांपेक्षा वेगळी होती. धरणे, गगनचुंबी इमारती आणि भुयारी रेल्वेवर हात मुरलेले हे कसबी लोक होते. वयोमर्यादा ५० पर्यंत होती, आणि वय लपवून साठीतले काही जणही आत शिरले. सुरुवातीच्या काळात सरासरी वय ३७ होते. नातवंडांना खेळवायच्या वयातील माणसे विशीतल्या मरीनांबरोबर किनाऱ्यावर उतरत होती. कसबाप्रमाणे हुद्दा आणि पगार देण्याचे धोरण मोरेल यांच्या खात्याने ठेवले, त्यामुळे सीबींना इतर सैनिकांहून बरा पगार मिळे. एका बटालियनमध्ये सुमारे ११०० माणसे असत आणि युद्ध संपेपर्यंत या दलात ३ लाख २५ हजारांहून अधिक माणसे सामील झाली.

त्यांच्या कामाची पहिली कसोटी लागली ती ग्वाडालकॅनाल बेटावर. सप्टेंबर १९४२ मध्ये सहावी बटालियन तेथील हेंडरसन विमानतळावर पोहोचली. जपानी विमाने आणि युद्धनौका धावपट्टीवर दररोज खड्डे पाडत. सीबींनी एका खड्ड्याला किती माती लागते याचा हिशेब करून तेवढ्या मातीने भरलेले ट्रक धावपट्टीच्या कडेला झाकून ठेवले. बॉम्ब पडला की लपलेल्या जागेतून धावत जायचे, खड्डा भरायचा, दाबायचा, वर लोखंडी जाळी अंथरायची. ५०० पौंडी बॉम्बचा खड्डा १०० माणसे ४० मिनिटांत बुजवत. हवेत इंधन संपत आलेली आपली विमाने घिरट्या घालत असताना ही ४० मिनिटे किती मोलाची असतील, याची कल्पना करता येते.

पुढील तीन वर्षांत सीबींनी पॅसिफिकमध्ये १११ मोठ्या धावपट्ट्या आणि ४४१ धक्के बांधले. त्यांच्या कामाचा पसारा ३०० हून अधिक बेटांवर होता. मोरेल यांच्या खात्यातील कॅप्टन जॉन लेकॉक यांनी सिगारच्या खोक्यांवर प्रयोग करत तरंगत्या पोलादी पेट्यांची कल्पना पक्की केली होती. या पेट्या जोडून केलेल्या पुलांवरून जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या उथळ किनाऱ्यावर रणगाडे उतरले. टिनियन बेटावर सुमारे १५ हजार सीबींनी ६ प्रचंड धावपट्ट्या तयार केल्या. त्यातील एकीवरून ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाकडे विमान उडाले. धावपट्टी बांधणाऱ्याला तिच्यावरून काय जाणार हे विचारण्याची सोय नसते. तरी सीबींच्या गौरवगाथा लिहिताना हे पान उलटून जाणे योग्य नव्हे.

आणखीही एक पान आहे. त्या काळच्या अमेरिकी नौदलात वर्णभेद होता आणि मोरेल यांचे दल त्याला अपवाद नव्हते. ३४ व्या बटालियनमध्ये कृष्णवर्णीय सैनिक होते, तर त्यांचे अधिकारी गोरे. बढती नाकारली जाते म्हणून मार्च १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातील तळावर सुमारे १००० जणांनी दोन दिवस अन्नत्याग केला. अखेर त्या बटालियनचा प्रमुख बदलण्यात आला. कसब हाच दर्जा, हे तत्त्व त्वचेच्या रंगापाशी येऊन अडखळत होते.

युद्धात शत्रूच्या माऱ्याने सुमारे ३०० सीबी मरण पावले. अपघातांत ५०० हून अधिक. हे आकडे पाहिले की युद्धभूमीवरही हे दल मुख्यतः कामगारांचेच होते, हे ध्यानात येते.

मोरेल यांच्या वाट्याला मान आला तो युद्धानंतर. तत्पूर्वी १९४५ मध्ये संपामुळे सरकारने ताब्यात घेतलेले तेलशुद्धीकरण कारखाने आणि १९४६ मध्ये कोळसा खाणी यांचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. कामगार संघटनांशी जमवून घेण्याचे त्यांचे कौशल्य सरकारला ठाऊक होते. ११ जून १९४६ रोजी ते चार ताऱ्यांचे ॲडमिरल झाले. नौदलाच्या साहाय्यक शाखेतील अधिकाऱ्याला हा हुद्दा मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. टर्नर कन्स्ट्रक्शन कंपनीत अल्पकाळ काढून १९४७ मध्ये ते पिट्सबर्गच्या जोन्स अँड लाफलिन या पोलाद कंपनीचे प्रमुख झाले आणि १९५८ पर्यंत तेथे राहिले.

उत्तरायुष्यातील त्यांची राजकीय मते मात्र चकित करणारी आहेत. सरकारी पैशावर जगातील सर्वांत मोठ्या बांधकाम दलांपैकी एक उभे करणारा हा माणूस सरकारी हस्तक्षेपाचा कडवा टीकाकार बनला. दुसऱ्या हूव्हर आयोगाच्या जलसंपत्ती आणि वीजविषयक कृतिगटाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सरकारी धरण योजनांवर कठोर टीका केली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन्स फॉर कॉन्स्टिट्यूशनल ॲक्शन या पुराणमतवादी संघटनेचे ते अध्वर्यू होते. ज्या धरणांवर शिकलेल्या हातांनी त्यांच्या बटालियना घडल्या, त्यातील बोल्डर धरणासारखी कामे सरकारी पैशातूनच झाली होती. ही विसंगती त्यांना जाणवली असेल की नाही, कोण जाणे.

दरम्यान त्यांच्यापेक्षा त्यांची मधमाशी प्रसिद्ध झाली होती. १९४४ मध्येच जॉन वेन यांचा सीबींवरील चित्रपट पडद्यावर आला. त्यात या दलामागची धडपड एका काल्पनिक कंत्राटदाराच्या पदरात टाकण्यात आली होती. शांततेच्या काळात दल आटले; पुढे कोरियातील इंचॉन, फिलिपिन्समधील क्युबी पॉइंट आणि व्हिएतनाम येथे ते पुन्हा कामी आले. व्हिएतनाममध्ये जून १९६५ मध्ये डाँग स्वाई येथे लढताना मरण पावलेल्या मार्व्हिन शील्ड्स यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळाले. हा सर्वोच्च सन्मान मिळालेले ते एकमेव सीबी आहेत.

वॉशिंग्टनजवळ अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर १९७४ मध्ये सीबींचे स्मारक उभे राहिले. शिल्पकार फेलिक्स डी वेल्डन यांनी त्यात एक उघड्या अंगाचा कामगार आणि त्याच्यासमोर एक लहान मूल दाखवले आहे. चार वर्षांनी, ३० जुलै १९७८ रोजी, मोरेल यांचे वयाच्या ८५ व्या वर्षी निधन झाले. त्याच दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. लष्करी अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेकडून त्यांच्या नावाने एक पदकही दिले जाते.