विश्लेषण : गाडीचा ‘फॉल्ट’ गॅरेजमध्ये गेल्यावरच का गायब होतो? ‘सेल्फ’ देणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची गोष्ट

पावसात गाडी मिसिंग मारते, ऊन पडले की सुरळीत चालते. वीस मिनिटे चालून बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीही न करता सुरू होते. मेकॅनिकसमोर उभी केली की मात्र शहाण्यासारखी वागते. जुनी ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्यांना हे सगळे तोंडपाठ असते. या गाड्यांच्या बॉनेटखालची इग्निशनची रचना शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका धान्याच्या कोठारात आकाराला आली. ती करणारा इंजिनीअर होता चार्ल्स केटरिंग. आपण ‘सेल्फ मारतो’ तो सेल्फही त्यांचाच. त्यांनी गाडीत वीज कशी आणली हे कळले, की ती मधूनच का रुसते हेही बरेचसे कळते.

कोण होते केटरिंग?

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून डोळे अधू. वाचन वाढले की डोके दुखायचे. शाळेत शिक्षकी करून ते कॉलेजात गेले, पण डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकावे लागले. मग टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत त्यांनी काम धरले आणि तिथे मुकादमही झाले. खांब रोवणे, तारा जोडणे, आवाज का येत नाही ते शोधत मैलोन्मैल चालणे हे त्यांचे खरे पहिले वर्कशॉप. ओहायो स्टेट विद्यापीठाची इंजिनीअरिंगची पदवी त्यांना १९०४ मध्ये मिळाली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. आजच्या कॅम्पस प्लेसमेंटच्या हिशेबाने बराच उशीर!

गल्ल्याच्या पेटीतून गाडीत

पहिली नोकरी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचे. त्याला मोटर बसवायची तर ती अवाढव्य होईल, असे वाटत होते. केटरिंग यांनी साधा हिशेब केला. मोटर दिवसभर चालणार नाही, एका वेळी क्षणभरच फिरणार. मग छोट्या मोटरवर तेवढ्या वेळापुरता तिच्या क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला तर ती तापून जळणार नाही. वीजेवर चालणारा गल्ला तयार झाला. हाच हिशेब पुढे गाडीच्या सेल्फमध्ये कामाला आला. सेल्फची मोटर आजही काही सेकंदांसाठीच असते, म्हणून तर चावी धरून ठेवू नका असे सांगतात.

कंपनीतील सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात केटरिंग आणि काही मित्र रात्री आणि सुट्टीच्या दिवशी जमू लागले. विषय होता गाडीचे इग्निशन. तेव्हाच्या अनेक गाड्यांत थरथरत्या पट्टीची कॉइल एका ठिणगीच्या जागी ठिणग्यांचा सडा पाडायची आणि त्यात बॅटरीचे सेल लवकर संपायचे. केटरिंग यांनी प्रत्येक वेळी एकच, पण नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी मिळवली. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ते घेतले आणि १९०९ मध्ये ‘डेल्को’ कंपनी उभी राहिली.

पॉइंट, कॉइल, कन्डेन्सर काम कसे करतात?

पुढे सुधारत गेलेली ही रचना केटरिंग इग्निशन म्हणूनच ओळखली जाते. बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो, तोपर्यंत ‘पॉइंट’ जुळलेले असतात. इंजिनच्या फिरण्याने पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉइलमधले चुंबकत्व एकदम ओसरते आणि बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. डिस्ट्रिब्युटर ते पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत, म्हणून शेजारी छोटा कन्डेन्सर.

आता वेग पाहा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. अर्ध्या मिलिमीटरहून कमी फटीवर हे सगळे अवलंबून. ही व्यवस्था अधूनमधून चुकते याचे नव्हे, इतकी वर्षे चालली याचे नवल.

‘सेल्फ’ने काय बदलले?

त्याआधी गाडी सुरू करायला समोरून हॅण्डल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. लेलँड यांच्या ओळखीतला एक जण अशाच जखमेने दगावला आणि त्यातून सेल्फची मागणी आली, अशी कथा सांगतात. कथा चांगली आहे, पण तिच्यातल्या तारखा जुळत नाहीत. नक्की एवढेच, की १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि काही वर्षांत हॅण्डल डिकीत गेले.

मोठा बदल मात्र वेगळाच होता. तोवर अनेक गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटो, दिव्यांसाठी गॅस आणि सुरू करायला माणसाचा हात, अशी प्रत्येकाची वेगळी सोय होती. केटरिंग यांनी सेल्फ, इग्निशन, दिवे आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो एकाच जाळ्यात बांधले. सोय प्रचंड झाली. पण एका जागचे दुखणे दुसऱ्या जागी दिसू लागले.

मग फॉल्ट लपतो कुठे?

सगळ्यात आधी अर्थिंगमध्ये. गाडीत परतीची तार वेगळी नसते. बॉडी आणि इंजिनाचे लोखंडच करंट परत नेते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे ते बॉडीला एका जाड पट्टीने जोडलेले असते. तीस वर्षांत तिच्या टोकाला गंज चढतो. समजा तिथे ०.०२ ओहम इतकाच अडथळा आला. दिव्याच्या ५ अँपिअरला त्याने ०.१ व्होल्टचा फरक पडेल, कुणाला कळणारही नाही. सेल्फने १५० अँपिअर ओढले की तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फ रडतो आणि आपण नवी बॅटरी विकत आणतो! नवी बॅटरी थोडी जास्त ताकदीची असल्याने काही दिवस बरे वाटते, म्हणून हा गैरसमज टिकतो.

इथे मल्टिमीटरही फसवतो. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास करंट ओढतच नाही. म्हणून जुन्या मेकॅनिकचा टेस्टिंग बल्ब अजून कामाचा आहे. तो भार टाकतो. त्याहून चांगली पद्धत म्हणजे काम चालू असताना मोजणे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर दोष मधल्या वाटेवर आहे.

तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत पहिला संशय बहुधा पेट्रोलवर जातो. पण कन्डेन्सरचे आतले आवरण किंवा कॉइलची तार उष्णतेने दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. याचा निकाल गाडी बंद पडली त्याच क्षणी, रस्त्याच्या कडेलाच लावावा लागतो. डिकीत ठेवलेला जादा प्लग वायरला लावून तो इंजिनाला टेकवायचा, वायर हातात न धरता सेल्फ मारायला सांगायचे आणि ठिणगी पडते का ते पाहायचे. पडली तर पेट्रोलकडे वळा, नाही पडली तर विजेकडे. पेट्रोलची गळती किंवा वास असेल तर हा प्रयोग अजिबात करू नये. गाडी थंड होईपर्यंत वाट पाहिली तर पुरावा गेला. गॅरेजमध्ये मग गरम हवेचा ड्रायर कन्डेन्सरवर धरून तोच प्रसंग पुन्हा घडवता येतो.

पावसातल्या मिसिंगला डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली केसाएवढी भेग किंवा जुन्या प्लग वायरी पुरतात. अंधारात, इंजिन चालू ठेवून पाण्याचा हलका फवारा मारला तर निळ्या ठिणग्या भलत्याच जागी पळताना दिसतात. हात मात्र लांब ठेवावा.

आणि एक खास चकवा. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटला जोडणारी बोटभर लवचीक तार असते. ॲक्सिलरेटर दाबला की प्लेट किंचित फिरते आणि तार वाकते. वर्षानुवर्षे वाकून आतले धागे तुटतात, बाहेरचे आवरण धडधाकट दिसते. उभ्या गाडीत सगळे ठीक, चढावर दम तोडते. अशा वेळी नुसते बघून उपयोग नाही, तार हलवूनच पाहावी लागते.

नॉकिंगचा आळ

केटरिंग यांच्या स्वतःच्या वाट्यालाही असा एक फॉल्ट आला. कॅडिलॅकची इंजिने चढावर ठोकू लागली. आळ आला त्यांच्या इग्निशनवर, कारण नवी गोष्ट तीच होती. डेल्कोच्या घरगुती वीजनिर्मिती संचातही रॉकेलवर चालताना हाच ठोका येई. केटरिंग यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनीअरला कामाला लावले. सिलिंडरमधल्या दाबाचे फिल्मवर चित्रण झाले आणि उत्तर मिळाले. दाब उसळत होता तो ठिणगी पडून गेल्यानंतर. दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

पुढचा प्रसंग मजेदार आहे. इंधन लाल केले तर ते उष्णता जास्त शोषेल, असा तर्क निघाला. १९१६ मध्ये लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजली यांनी आयोडीन टाकले आणि ठोका थांबला. इथेच पार्टी करून मोकळे होता आले असते. त्यांनी इतर लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच फरक नाही. रंगहीन आयोडीनयुक्त रसायन टाकले, तर ठोका बंद. उपाय बरोबर होता, कारण चुकीचे होते. पार्ट बदलला आणि गाडी सुरू झाली म्हणजे तोच पार्ट खराब होता असे नाही, हे गॅरेजमध्ये रोज घडते. उलटून तपासण्याची तसदी फार थोडे घेतात.

शिशाच्या बाबतीत काय झाले?

अनेक रसायने पारखून ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडले. पेट्रोलमध्ये अगदी थोडे टाकले तरी नॉकिंग बंद. शिसे विषारी असते हे तेव्हा माहीत होते. अल्कोहोलनेही नॉकिंग कमी होते, हे त्यांच्याच प्रयोगशाळेने पाहिले होते. तरी शिसे निवडले गेले. १९२४ मध्ये ते विकण्यासाठी स्थापन झालेल्या एथिल कॉर्पोरेशनचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत शिशाच्या विषबाधेने ५ कामगार दगावले. मिजली स्वतःही आजारी पडले होते. काही काळ थांबलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि अनेक दशके चालली. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र लागू व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडले.

माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा डाग आहे. इंजिनातला ठोका शोधायला त्यांनी जी चिकाटी दाखवली, ती धुरातून काय बाहेर पडते हे पाहताना दाखवली नाही. हाही अधूनमधून दिसणारा फॉल्टच होता. फरक एवढाच, की तो इंजिनात नव्हे, रस्त्यावरच्या मुलांच्या रक्तात साचत होता.

पॉइंट कधी गेले?

केटरिंग १९२० ते १९४७ जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्थेच्या नावात त्यांचे नाव १९४५ पासून आहे. १८६ पेटंट नावावर असलेल्या केटरिंग यांचे २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे निधन झाले. १९७५ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या गाड्यांतून पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले, आणि ते बनवले डेल्को-रेमीने, म्हणजे केटरिंग यांच्याच कंपनीच्या वारसदाराने. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीत पॉइंट त्यानंतरही वर्षानुवर्षे टिकले. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हटली. हौसेने जपलेल्या पद्मिनींचे मालक मात्र अजूनही डिकीत पॉइंटचा जादा सेट, कन्डेन्सर आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगून असतात.