‘तुंबाड’मागचे नारायण धारप कोण होते?

जपानमध्ये जुंजी इतो यांच्या ‘उझुमाकी’ या भय-मांगावर २००० साली चित्रपट आला. छापील भयकथा पडद्यावर येण्याचे मराठी मातीतले गाजलेले उदाहरण म्हणजे ‘तुंबाड’. मात्र त्याचे बीज ज्यांच्या कथेत होते, ते नारायण धारप तो पाहायला हयात नव्हते.

धारप कोण होते?

जन्म २७ ऑगस्ट १९२५. शिक्षण रसायनशास्त्राचे; लिहिल्या मात्र भयकथा आणि विज्ञानकथा. अमानवी शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ हा त्यांचा लोकप्रिय नायक. गिरगाव-दादरच्या वाचनालयांत त्यांची पुस्तके हातोहात फिरत.

कथा उसन्या होत्या का?

काही होत्या. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची ‘सालेम्स लॉट’ आहे, तर ‘आजी’मागे त्यांचीच ‘ग्रामा’. पण धारपांनी ही भीती मराठी घरात आणली. वाचकाला ती शेजारच्या खोलीतली वाटली, हे त्यांचे यश.

चित्रपट कसा झाला?

१९९३ मध्ये नागझिराच्या जंगलात राही अनिल बर्वे यांना मित्राने धारपांची कथा ऐकवली. ती भीती त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे त्यांनी ७०० पानांचा स्टोरीबोर्ड केला. म्हणजे इथेही चित्रपटाआधी चित्रेच आली. नाव सुचले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून.

धारप १८ ऑगस्ट २००८ रोजी गेले. चित्रपट आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. त्या गर्दीतल्या अनेकांनी मूळ लेखकाचे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले असेल.